वारसांना विचारून भुते लिहिणारे मुकुंदराव

हा लेख मी लिहिणार नव्हते. मुकुंदराव हळीखेडकरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने मला विचारले, तेव्हा मी सरळ नकार दिला होता. मी आयुष्यभर शाळेत मुलींना मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी ग्रंथालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले. लेख लिहिणे हे माझे काम नव्हे. पण काही महिन्यांपूर्वी समितीने लेखकांना एक टाइप केलेले सूचनापत्र पाठवले आणि ते माझ्याकडेही आले. त्यात लिहिले आहे की लेखकांनी मुकुंदरावांच्या इतिहासाच्या अभ्यासावर भर द्यावा, भयकथांचा उल्लेख शक्यतो टाळावा आणि ओघाने आलाच तर एका वाक्यात उरकावा.

मुकुंदरावांच्या प्रत्येक पुस्तकात भूत आहे. ते एका वाक्यात उरकायचे म्हणजे मुकुंदरावांनाच एका वाक्यात उरकण्यासारखे आहे. मी त्याच दुपारी समितीचे अध्यक्ष शरदराव वकील यांना फोन केला आणि म्हणाले, "लेख देते. पण त्यातली एक ओळ कापायची नाही."

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या लेखाला कात्री लावायची या गावात कुणाची छाती आहे?"

हे वाचकांच्या हाती जसेच्या तसे पडले, तर शरदरावांनी शब्द पाळला असे समजावे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला भुतांच्या गोष्टी आवडत नाहीत. पहिल्यांदा मुकुंदरावांचे पुस्तक हाती आले तेव्हा आवडल्या नव्हत्या आणि आजही आवडत नाहीत. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एखाद्या चाहतीचे कौतुक आहे असे कुणी समजू नये.

आमची ओळख ग्रंथालयातच झाली. मी नुकतीच तिथे बसू लागले होते. एका दुपारी पांढरा शर्ट, हाताशी छत्री आणि शबनम अशा वेषातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी जुन्या बखरी आणि जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह मागितले. त्या कपाटाची किल्ली शोधावी लागली, कारण ते उघडण्याची वेळ फारशी येत नसे. मी विचारले, "प्रबंध लिहिताय का?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "भुतं शोधतोय."

मी म्हणाले, "हे ग्रंथालय आहे. मसणवटा पलीकडे आहे."

ते रागावले नाहीत. हसलेही नाहीत. म्हणाले, "मसणवट्यात भुतं नसतात, बाई. तिथं माणसं निरोप घेऊन गेलेली असतात. जे लिहायचे राहून गेले, ते इथं असतात." मग खिडकीजवळच्या बाकावर बसून त्यांनी ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचले आणि जाताना पुस्तके कपाटात होती त्याच क्रमाने लावून ठेवली. त्यांचे बोलणे मला पटले नाही. पुस्तके लावण्याची पद्धत मात्र पटली.

मुकुंदरावांचे घराणे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत. तेही महसूल खात्यातूनच निवृत्त झाले. उर्दूतले जुने दस्त, मोडीतली कागदपत्रे, शेताच्या बांधांची भांडणे यांत त्यांचा जन्म गेला. दिवसा ते जमिनीचे कागद वाचत आणि संध्याकाळी जुने वाङ्मय. या दोन्हींतून त्यांचे लेखन झाले. इतिहासात जे नोंदले नाही ते जुन्या वाङ्मयाच्या भाषेत परत येऊन जाब विचारते, हाच त्यांच्या प्रत्येक कथेचा गाभा असतो. त्यांच्या एका कथेत बखर लिहिणारा एक कारकून आहे. लढाईचे वर्णन करताना त्याने सरदार, घोडे, तोफा सगळे लिहिले, पण रणात पाणी पाजता पाजता मेलेले पखालवाले लिहिले नाहीत. मग रोज दिवेलागणीला एक पखालवाला येतो, काही बोलत नाही, पखालीचे तोंड सोडतो आणि लिहिलेल्या पानावर पाणी ओततो. शाई वाहून जाते. कारकून पुन्हा लिहितो, पुन्हा विसरतो. ही सगळी कथा बखरीच्याच चालीत, त्याच लांबलचक डौलदार वाक्यांत लिहिलेली आहे, आणि शेवटी शेवटी वाक्येही ओली होऊन तुटू लागतात. मी मराठीची शिक्षिका. जुन्या गद्याची एवढी जाण असलेला माणूस पखालीतून भुते का काढतो, असे मी त्यांना त्या वेळी विचारले होते. ते म्हणाले, "भीती वाटली की माणूस मागं वळून बघतो, बाई. मला तेवढंच हवंय."

शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयात ते स्वतःच्या कथा वाचून दाखवत. आपल्या घरांतली आताची मुले मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात, हे इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. मराठीचा तास म्हटला की ती पळ काढतात. भुताची गोष्ट म्हटल्यावर मात्र येत. एकदा एका पोराने उठून दिवा घालवला. मुकुंदराव थांबले आणि म्हणाले, "लाव. भीती अंधारातून आणायची नसते, वाक्यातून आणायची असते." मागून एक मुलगी ओरडली, "अंकल, लाइट नक्को बंद करो, पण स्टोरी बंद करू नका." पुढच्या आठवड्यात तीच मुलगी आईला घेऊन आली. ओवीतल्या एका शब्दाचा अर्थ तिने आईला विचारला होता, आईला तो आला नव्हता, आणि आता दोघींनाही तो हवा होता. मी इतकी वर्षे शाळेत शिकवले. शब्दाचा अर्थ विचारायला कुणी आईला ओढत आणल्याचे मला आठवत नाही.

पण मला खरे सांगायचे आहे ते मुकुंदरावांच्या एका रिवाजाबद्दल. कोणत्याही खऱ्या मृत माणसाला कथेत भूत म्हणून आणण्याआधी ते त्याच्या घरच्यांना शोधतात, नारळ घेऊन त्यांच्या घरी जातात आणि परवानगी मागतात. ही सवय त्यांना नोकरीने लावली. ते म्हणतात, "वारसांना नोटीस दिल्याशिवाय सातबाऱ्यावरचं नावसुद्धा हलत नाही. मग मेलेल्या माणसाचा फेरफार मी कुणाला न विचारता कसा करू?"

परवानगी नाकारली तर? एकदा तसेही झाले. नामपल्लीतल्या एका खुशनवीसाची, म्हणजे सुंदर हस्ताक्षरात पोथ्या उतरवून देणाऱ्याची, कथा त्यांनी लिहिली होती. दखनी काव्याच्या पोथ्या उतरवता उतरवता त्या माणसाची दृष्टी गेली आणि तरी हात लिहीतच राहिले, अशी आठवण त्या मोहल्ल्यात सांगत. मुकुंदरावांनी त्या हातांची कथा रचली. लिहून पूर्णही केली, कारण नातवंडांचा पत्ता उशिरा लागला. त्या घरी मीही गेले होते. नातवाने चहा दिला, अदबीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साब, आप अच्छा लिखतें, सब बोलतें. मगर हमारे दादा को भूत नक्को बनाओ. घर में बच्चियाँ हैं, शादियाँ करना है. कल कू लोगां क्या बोलेंगे?"

"जी, बिल्कुल," मुकुंदराव म्हणाले आणि तिथेच हस्तलिखिताची एकमेव प्रत त्याच्या हाती देऊन उठले. बाहेर रस्त्यावर मी त्यांना म्हणाले, "नाव बदला, मोहल्ला बदला, आणि छापा. कुणाला कळणार आहे?"

"नाव बदलून नोटीस चुकवता येते," ते म्हणाले. "वारस चुकत नाहीत."

ती कथा त्यांच्या उत्तम कथांपैकी होती, असे मी, भूतकथा न आवडणारी बाई, सांगते. ती आता कुठेही नाही.

माणूस म्हणून त्यांचा जो अनुभव मला आला तोही इथे लिहिते. माझे यजमान गेले, तेव्हा सांत्वनाला पुष्कळ लोक आले आणि जे बोलायचे ते बोलून गेले. मुकुंदराव आले, दहा मिनिटे गप्प बसले आणि उठले. मी ग्रंथालयात परत जाऊ लागले तेव्हा पाहते तो शनिवारच्या वाचनात भुते नाहीत. जुनी प्रवासवर्णने चालली आहेत. मुले कुरकुरत होती. महिनाभर हेच. मी विचारले तर म्हणाले, "तब्येत जरा नरम आहे, भुतं झेपत नाहीत." खरे कारण मला मंदावहिनींकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून, पुष्कळ नंतर कळले. त्यांनी घरी सांगितले होते, "बाई शेजारच्याच खोलीत बसतात. मेलेला माणूस परत आला असं वाक्य आत्ता त्यांच्या कानावर पडता कामा नये."

आता त्यांच्या शेवटच्या कादंबरीकडे येते. शेवटची हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. तिचे नाव 'ओलं माप'. मुसी नदीचा जो मोठा पूर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला, त्याची ती कादंबरी आहे. पुरात गेलेल्या माणसांपैकी एकीचा माग काढत मुकुंदराव गौलीगुड्यात आक्कांच्या घरी पोचले. आक्का आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची सून शैला माझी विद्यार्थिनी, म्हणून मला बरोबर नेले होते. पुरात गेलेली बाई ही आक्कांची आजी, भागीरथी.

"नदीचं नाव होतं, नदीनंच नेलं," आक्का म्हणाल्या. "मी काय पाहिली नाही तिला. माझे बाबा तेव्हा एवढुसे. नवरात्र बसलेलं. रात्रीतून पाणी चढलं तर सगळे शेजारच्या हवेलीच्या गच्चीवर गेले. आजी म्हणली, गाय बांधलेली राहिली, सोडून येते. गाय आली. आजी काही आली नाही."

"पुढं?" मुकुंदरावांनी विचारले.

"पुढं काय? आजोबांनी तिचे दिवस केले नाहीत, तिलांजली दिली नाही. म्हणले, मढं पाहिलं नाही तर मेली कशावरून? याच जागेवर पुन्हा घर बांधलं आणि सांगून ठेवलं, नवरात्रात दाराला आतून कडी लावायची नाही. ती आली तर वाजवत उभी राहू नये. आजोबा गेले, बाबा गेले. मला भाऊ नाही, म्हणून घर माझ्याकडं आलं. अजून लावत नाही जी आम्ही. ही शैला आधी घाबरायची, चोर येतील म्हणून. हौ ना गं?"

"अजून घाबरते," शैला आतून म्हणाली.

मग आक्कांनी मुकुंदरावांकडे नीट पाहिले. "तुम्ही भूत करता म्हणे माणसाचं?"

"हो आक्का. तुमची परवानगी असेल तर."

"करा. पण खिडकीतनं आणू नका, विहिरीतनं आणू नका. दारातनं आणा. उंबऱ्यावर माप ठेवा, ते ओलांडून आत घ्या. सून आहे ती या घरची. भूत झाली म्हणून काय झालं?"

मुकुंदराव उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "शब्द देतो."

तो शब्द त्यांनी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात पाळला. पूर ओसरून कित्येक वर्षे झालेली आहेत. नवरात्रातली तिन्हीसांजेची वेळ आहे. दाराबाहेर दावे फरफटत येत असल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ जात्यावरची ओवी, एकेक ओळ, जवळ जवळ. घरातली माणसे भिंतीला पाठ लावून उभी राहतात. उंबऱ्यावर कुणीतरी माप ठेवते. ओले पाऊल त्याला लागते. आधी तांदूळ सांडतात, मग मापातून नदीचा गाळ येऊ लागतो, आणि तो थांबत नाही. मी हे प्रकरण भर दुपारी वाचले, तरी उठून माझ्या दाराची कडी बघून आले. लावलेली होती.

मुकुंदरावांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला आहे आणि डाव्यात उजेडाची एक गल्ली उरली आहे. समितीने ठरवले की गौरवसमारंभातच 'ओलं माप' प्रसिद्ध करायचे. छपाईचा भार एका देणगीदाराने घेतला. त्यांची अट एकच होती. पुराचा इतिहास उत्तम आहे, पण शेवटचे भूत काढावे, म्हणजे पुस्तक शाळा-कॉलेजांत जाईल. श्रावणात मुद्रिते माझ्याकडे तपासायला आली. पाणी ओसरते, गाय दुसऱ्या खुंट्याला बांधली जाते, आणि पुस्तक संपते. शेवटचे प्रकरण नव्हते.

मी तशीच नामपल्लीला त्यांच्या घरी गेले. ते खिडकीशी भिंग घेऊन बसले होते.

"मुकुंदराव, शेवटचं प्रकरण कुठं आहे?"

"काढलं, बाई."

"कुणी?"

"मीच. शरदराव विचारायला आले होते. डाव्या डोळ्याचा डॉक्टर भरवसा देत नाहीत. हे एक पुस्तक छापलेलं स्वतः वाचावं, एवढी इच्छा आहे. भूत पुढच्या आवृत्तीत घालू."

मंदावहिनी चहा घेऊन येत होत्या. "पुढची आवृत्ती म्हणे! पहिल्या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांवर आमच्याकडं पापड वाळतात."

मी चहा घेतला नाही. विचारले, "आणि वारसांना नोटीस?"

मुकुंदरावांनी भिंग खाली ठेवले. जन्मभर ज्या माणसाने नाव चढवण्याआधी नोटीस दिली, त्याला नाव कमी करतानाही ती द्यावी लागते हे सुचले नव्हते. मग ते म्हणाले, "मंदा, माझी छत्री कुठाय?"

आम्ही रिक्षाने गौलीगुड्याला गेलो. आक्का दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मुकुंदरावांनी काही लपवले नाही. डोळ्यांचे सांगितले, समारंभाचे सांगितले, अट सांगितली.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे तिला दारापर्यंत आणलं आणि आत घेतलं नाही?"

"दारापर्यंतही नाही," मुकुंदराव म्हणाले. "पाण्यातच ठेवली."

आक्कांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "काढून टाका ते प्रकरण. तुमचे डोळे आधी. ती एवढी वर्षं थांबली, अजून थांबेल. मेलेल्या माणसाला काय घाई आहे? परवानगी दिली जी मी, बेफिकीर जावा."

मला वाटले, आता प्रश्न मिटला. वारसाने संमती दिली, नियम पाळला गेला, पुस्तक वेळेवर निघेल आणि मुकुंदराव ते वाचतील. मी उठलेसुद्धा. मुकुंदराव बसून राहिले.

"आक्का, तुम्ही परवानगी दिली म्हणूनच काढता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर कदाचित मी वाद घातला असता. आता काय घालू? माझे डोळे काय, आहेत तोवर आहेत. ती आत येईल."

पुढचे आठवडे मी तपशिलात सांगत नाही. देणगीदारांनी अंग काढून घेतले आणि ते त्यांच्या जागी योग्यच होते. शरदराव फोनवर माझ्यावर ओरडले. "तुम्हाला भूत आवडत नाही, मला भूत आवडत नाही, आणि त्या भुतापायी एका माणसाचं पुस्तक त्याच्या डोळ्यांदेखत निघायचं नाही! हे काय शहाणपण आहे, बाई?" मी म्हणाले, "शहाणपण नाही. शब्द आहे." त्यांनी फोन ठेवून दिला. कादंबरी समारंभापर्यंत तयार होणार नाही हे नक्की झाले. ती पूर्ण छापून होईल तेव्हा मुकुंदरावांना किती दिसेल, हे कुणी सांगू शकत नाही.

पण शरदरावांबद्दल एक लिहिलेच पाहिजे. नवरात्र बसायच्या आधी ते ग्रंथालयात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक पुडके ठेवले. एकट्या शेवटच्या प्रकरणाची पाने त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापून आणली होती. अक्षर एवढे मोठे की पानावर मोजक्याच ओळी. "भूत मला अजूनही पसंत नाही," ते म्हणाले. "माणूस पसंत आहे. एवढं तरी त्याला वाचू द्या." ज्याने सूचनापत्र धाडले तो माणूस हाच. माणसे अशीही असतात, हे मुकुंदरावांच्या गौरवग्रंथात नोंदवायला हरकत नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, दिवेलागणीच्या वेळी, आम्ही आक्कांच्या घरी जमलो. दार उघडे होते. आक्कांनी स्वतःच्या लग्नातले लाकडी माप काढून, तांदूळ भरून उंबऱ्यावर ठेवले होते. मुकुंदराव दाराकडे तोंड करून पाटावर बसले. मंदावहिनींनी दिवा जवळ धरला. ते वाचू लागले. आधी अक्षर अक्षर, मग ओळ सापडली, मग आवाज नेहमीसारखा झाला. एक पान संपायला फार वेळ लागत होता, पण कुणी हलले नाही. शैला दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. शरदराव, ज्यांना भूत पसंत नाही, ते भिंतीला पाठ लावून उभे होते.

वाचन ओल्या पावलापर्यंत आले आणि उंबऱ्यावरचे माप कलंडले. तांदूळ घरात सांडले.

"पाहिलंत?" मुकुंदराव पान खाली करून म्हणाले.

"शेळी," मी म्हणाले. गल्लीतली शेळी होती. मी तिला डोळ्यांनी पाहिले, मापात तोंड घालताना.

"शेळीलाही कुणीतरी पाठवलं असेल," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. गौरवाचे वर्ष आहे.

त्यांनी शेवटची ओळ वाचली. ती मी इथे देत नाही, पुस्तक निघाल्यावर वाचावी. मग आक्का म्हणाल्या, "शैला, कडी लाव."

"आई, नवरात्र आहे."

"आत आली ना ती? मग लाव."

शैलाने शेळीला हुसकले, दार लोटले आणि कडी लावली. गंजलेली होती, जोर लावावा लागला.

मुकुंदरावांना आयुष्य किती मिळावे हे ठरवणे माझ्या हाती नाही, तेव्हा शंभर वर्षांच्या गोष्टी मी करणार नाही. माझी इच्छा एवढीच आहे की त्यांनी डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत, मंदावहिनींचे ऐकावे, पायऱ्या उतरताना हात धरू द्यावा, आणि पाय, कान, आवाज व स्मरण यांची साथ त्यांना पुढची पुष्कळ वर्षे राहावी. शनिवारची संध्याकाळ त्यांच्यासाठी मोकळी आहे. डोळ्यांनी वाचता आले नाही तर त्यांनी सांगावे, मी वाचून दाखवीन. भुते असली तरी.

त्या संध्याकाळी गौलीगुड्यात आणि दुसऱ्या दिवशी जे सुपूर्द केले त्याची नोंद:

मुकुंदराव हळीखेडकर यांना, शेवटचे प्रकरण, मोठ्या अक्षरात, एक प्रत.

आक्कांना, वारस या नात्याने, त्याचीच दुसरी प्रत. सही घेतली.

ग्रंथालयाला, आक्कांकडून, लाकडी माप एक, पुस्तक निघेल तेव्हा त्याच्याशेजारी ठेवण्यासाठी. रिकामे. शेळीने खाऊन उरलेले तांदूळ शैलाने भरून घेतले.

छापखान्याला, 'ओलं माप' या कादंबरीचे संपूर्ण हस्तलिखित, शेवटच्या प्रकरणासह, एकही पान न काढता. पोच माझ्याकडे आहे.